तेंगचोंग : दोघांनी जाऊन गरम पाण्यात बसून यायचं गाव

रानजाई

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या सूचौला, म्हणजे शांघायच्या शेजारी राहतो. इथे आल्यापासून प्रत्येक सुट्टीत घरी कोणी ना कोणी असतंच आणि पाहुणे म्हटले की बीजिंगची भिंत, शीआनचे मातीचे सैनिक, शांघायचा नदीकाठ. सगळं बघण्यासारखं आहे, वाद नाही. पण यजमानांसाठी ती सुट्टी नसते, ड्युटी असते. या वेळी दिवाळीनंतर दोघांनीच जायचं ठरवलं आणि अट एकच घातली, सकाळी गजर लावायचा नाही.

म्हणून तेंगचोंग. युन्नान प्रांताच्या पार पश्चिमेला, म्यानमारच्या सरहद्दीला टेकलेलं. २०१५ पासून कागदोपत्री शहर, पण चिनी मापाने गावच म्हणायचं. उंची साधारण १६०० मीटर, आजूबाजूला झोपलेले ज्वालामुखी, आणि गरम पाणी तर जिथे तिथे. कुनमिंगहून विमानाने तासाभरात पोचता येतं.

शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर रहाय नावाची दरी आहे. एका ओढ्याच्या काठाने पायवाट चढत जाते आणि दोन्ही बाजूंच्या खडकांतून वाफ येत असते. दर थोड्या अंतरावर एक झरा, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. एक बेडकाच्या तोंडासारख्या दगडातून पिचकारी मारतो, एकात तळातून बारीक मोत्यांसारखे बुडबुडे येत राहतात, एक जमिनीखाली ढोलासारखा घुमतो. सगळ्यात वर दागुनगुओ : दगडी कठडा घातलेलं एक गोल कुंड, पाणी सतत खदखदतंय. पाटीवर ९७ अंश लिहिलंय. नवऱ्याचा चष्मा इतका धुरकटला की त्याने तो काढून खिशात टाकला आणि मग त्याला कुंडच दिसेना. शेजारी बायका भाताच्या पेंढ्यात एकाखाली एक बांधलेली अंडी विकतात, वाफेवर उकडलेली. शेंगा, बटाटे, अळकुड्याही मिळतात. आम्ही शेंगा घेतल्या. मीठ न घालता उकडलेल्या, पण तिथल्या वाफेचा किंचित वास लागलेल्या. मला आवडल्या, त्याला नाही.

पण दरी बघणं हे सकाळचं काम. खरं काम संध्याकाळी. आम्ही राहिलो त्या जागी खोलीच्या मागे छोटं अंगण आणि त्यात दगडाची टाकी होती. एक नळ झऱ्याच्या पाण्याचा, एक गारचा. टाकी भरायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात चहा करायचा, भांडायचं असेल तर भांडून घ्यायचं आणि मग पाण्यात उतरायचं. रात्री हवा गार होती, डोकं थंड आणि बाकी सगळं गरम. फोन आत ठेवलेले. लग्नानंतर आम्ही इतका वेळ सलग एकमेकांशी बोललो असू असं मला तरी आठवत नाही.

कोणाला जायचं असेल तर विचारा, जमेल तेवढं सांगते.

तिखटजाळ

पहिला! वाचायला मजा आली. फोटो कुठायत?

रानजाई

फोटो वाफेचे आहेत. पांढरे. टाकले तर तुम्ही म्हणाल कागद स्कॅन केलाय.

कुडाळचा_गडी

ताई, रागावू नका, पण गरम पाण्यात बसायला चीनला? आमच्याकडे वज्रेश्वरी आहे, गणेशपुरी आहे, अकलोली आहे. मुंबई-गोवा हायवेला तुरळ, राजवाडी, आरवली. दापोलीजवळ उन्हवरे. पालीजवळ उन्हेरे. एसटीने जा, आंघोळ करा, देवदर्शन करा, दुपारी जेवायला घरी. फुकटात.

तिखटजाळ

काका आले. आता धागा कोकणात उतरणार. 😀

कुडाळचा_गडी

उतरणारच. सत्य कुठेही गेलं तरी कोकणातच उतरतं.

रानजाई

काका, राजवाडीच्या कुंडात मी लहानपणी आंघोळ केली आहे, त्यामुळे त्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पण तिथे नवरा-बायको एकत्र पाण्यात बसतात का? बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं, बाहेर कोणीतरी बादली घेऊन "आटपा" म्हणत उभं. आपल्याकडे गरम पाणी म्हणजे तीर्थ किंवा त्वचारोगावर उपाय. तिथे जाऊन आपण आंघोळ करतो, बसत नाही. माझा मुद्दा बसण्याचा आहे.

पाऊणवाटी

हा मुद्दा १००% पटला. गणेशपुरीला आम्ही दोघं गेलो होतो, मी आत, तो बाहेर चपला सांभाळत.

खडकवेडा

थोडं भूगर्भाचं, कारण काकांची तुलना मजेशीर आहे. कोकणातले झरे आणि तेंगचोंगचे झरे हे वरून सारखे, आतून वेगळे.

कोकणच्या खाली ज्वालामुखी नाही. दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याची उष्णता केव्हाच संपली. तिथे होतं असं की पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल जातं. जमिनीत खाली जाल तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. ते पाणी तापून दुसऱ्या भेगेतून वर येतं. म्हणून उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी ते सत्तरच्या आसपास असतं, वज्रेश्वरीच्या बाजूला आणखी कमी.

तेंगचोंगला नव्वदहून अधिक ज्वालामुखी आहेत आणि भूगर्भाच्या हिशेबाने ते कालपरवाचे. खाली अजून तापलेला खडक आहे. आणि ही आग लावली कोणी? आपणच. भारतीय भूपट्ट ईशान्येकडे सरकत म्यानमारच्या खाली घुसतोय, त्याचा हा पलीकडचा परिणाम, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लडाखचं पुगा खोरं, मणिकरण, तिबेटमधले झरे आणि हे तेंगचोंग, सगळं एकाच उष्ण पट्ट्यात येतं. तेंगचोंग त्याच्या पूर्वेच्या टोकाला.

कुडाळचा_गडी

म्हणजे पाणी आमच्या जोरावरच तापतंय की.

खडकवेडा

तसंच समजा काका.

गणिती_गोम

एक शंका. ९७ अंश असेल तर ते पाणी उकळत नाही. उकळायला १०० लागतात. खदखद दिसते ती नुसती वायूची असणार.

खडकवेडा

समुद्रसपाटीला १००. दीड हजार मीटरवर पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. त्यामुळे तिथे ९७ म्हणजे चांगलंच उकळतंय. शिवाय कार्बन डायऑक्साइडही येतो, तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर.

गणिती_गोम

अर्धे गुण घेतो. आता माझ्याकडून एक. चीनच्या नकाशावर एक प्रसिद्ध तिरकी रेघ आहे, हू हुआनयोंग या भूगोलतज्ज्ञाने १९३५ मध्ये मांडलेली. ईशान्येला हेइहे आणि नैर्ऋत्येला हे आपलं तेंगचोंग. रेघेच्या आग्नेय बाजूला तेव्हा जवळपास ३६ टक्के जमीन आणि ९६ टक्के लोक. एवढी वर्षं झाली, माणसं इकडची तिकडे झाली, तरी रेघ जवळपास तशीच टिकून आहे. मला हे गाव त्या रेघेचं टोक म्हणून माहीत होतं, गरम पाण्याचं आजच कळलं.

पाऊणवाटी

मला तेंगचोंग आजच कळलं, रेघही आजच. बरं, मुद्द्याचं बोला. पोहण्याचा पोशाख लागतो का? जपानमध्ये म्हणे काहीच घालत नाहीत. मी ते वाचूनच जपान रद्द केलं होतं.

रानजाई

चीनमध्ये तसं नाही. सार्वजनिक कुंडांत स्त्री-पुरुष एकत्र असतात आणि सगळे पोहण्याच्या पोशाखात. आजी-आजोबा, मुलं, सगळं कुटुंब. बायकांचे पोशाख बरेचसे झालरीवाले, परकरासारखा घेर असलेले असतात, त्यामुळे संकोच वाटत नाही. दारातल्या दुकानात विकतही मिळतात, पण मापाचा भरवसा नको, घरूनच न्या. प्रत्येक कुंडापाशी तापमानाची पाटी असते, ३८ पासून ४२-४३ पर्यंत. काही कुंडांत गुलाब, काहींत औषधी मुळ्या, एकात पायाची मेलेली कातडी खाणारे बारीक मासे. त्यात नवरा बसला. मी बसले नाही आणि बसणारही नाही.

ज्यांना लोकांत जायचंच नाही त्यांनी खोलीला स्वतःचं कुंड असलेली जागा घ्यावी. दोघांसाठी मी तेच सुचवीन. खर्च जास्त, पण मग फिरण्यावर खर्चच होत नाही.

डॉक्टरीणबाई

कोणी विचारलं नाही तरी सांगते, सवय आहे. ४० अंशांच्या वर एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. मग बाहेर बसा, पाणी प्या, पुन्हा उतरा. भरल्या पोटी नको, दारू पिऊन तर नकोच. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठताना हळू उठा. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. गरोदर बायकांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि हृदयविकार असलेल्या काकांनी "मला काही होत नाही" हे वाक्य घरीच ठेवून जावं.

तिखटजाळ

डॉक्टरीणबाई, तुम्ही आमच्या बाबांना ओळखता का?

डॉक्टरीणबाई

सगळ्यांचे बाबा सारखेच असतात.

रानजाई

गरोदरपणावरून आठवलं. रहायच्या वाटेवर एक जोडविहीर आहे, तिचं पाणी प्यायलं की मूल होतं अशी तिथे समजूत. आमच्या पुढचं एक जोडपं तिथे बराच वेळ गंभीरपणे उभं होतं. आम्ही पाणी प्यायलो नाही आणि तिचा फोटो सासूबाईंना पाठवला नाही. दोन्ही निर्णय एकमताने.

पाऊणवाटी

😂😂 हे मात्र शहाणपणाचं केलंत.

शाकाहारी_सदाशिव

खायचं काय? आम्ही दोघं अंडंसुद्धा खात नाही. चीन म्हटलं की बायको बॅगेत थेपले आणि मेतकूट भरायला लागते.

रानजाई

थेपले न्याच, प्रवासात लागतात. पण तेंगचोंगमध्ये तुमची उपासमार होणार नाही. सकाळचा नाष्टा सांगते. शीदोफन म्हणून एक प्रकार आहे, वाटाण्याच्या पिठाचा. हातगाडीवर मोठ्या कढईत पिवळंधमक, दाट, फुटाफुटात बुडबुडे येत असतात. बाई एका वाटीत डावभर ओततात, वर आल्याचं पाणी, लसणाचं पाणी, तिखट तेल, कोथिंबीर. मी पहिला घास घेतला आणि नवऱ्याकडे बघितलं. तोही माझ्याकडेच बघत होता. पिठलं! सरळसरळ पिठलं, नुसती हळदीची फोडणी नाही. त्याच्याबरोबर ते लोक तळलेली लांब पोळी बुडवून खातात किंवा आत तांदळाचे पट्टे घालतात. आम्ही थेपला बुडवला. गाडीवालीने तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, तुकडा मोडून खाल्ला आणि मान डोलावली.

दुसरी तिथली खासियत म्हणजे अरकुआय, भिजवून वाफवलेल्या तांदळाचा कुटून केलेला घट्ट गोळा. त्याचे पातळ काप करून टोमॅटो, भाज्या, अंडं, हॅम घालून परततात. त्याची गोष्ट अशी सांगतात, की मिंग घराण्याचा शेवटचा बादशहा योंगली पळत पळत इथे आला तेव्हा त्याला भुकेच्या वेळी हे मिळालं आणि जीव वाचला. खरं-खोटं तेंगचोंगकरांना माहीत. तुम्ही हॅम आणि अंड्याशिवाय सांगा. "वो छर् सू" म्हणजे मी शाकाहारी. तरी फोनवर लिहून दाखवा, कारण बोलून भागत नाही. डुकराची चरबी चालत नाही हेही वेगळं लिहा. मांस नाही म्हटलं तरी चरबीत परतणं त्यांच्या लेखी मांसात धरत नाहीत.

शाकाहारी_सदाशिव

चरबीचं सांगितलंत ते लाख मोलाचं. बायकोला दाखवलं. तिने मेतकुटाचा डबा मोठा केला.

जुनी_पानं

एवढी चर्चा झाली आणि १९४४ चं नाव नाही, म्हणून लिहितो. तेंगचोंग मे १९४२ मध्ये जपान्यांनी घेतलं. दोन वर्षांनी चिनी फौजा साल्विन नदी ओलांडून, गाओलीगोंगचे डोंगर चढून आल्या आणि भिंतीआडच्या शहरासाठी घरोघर लढाई झाली. १४ सप्टेंबर १९४४ ला शहर परत मिळालं तेव्हा उभं असं फारसं काही उरलं नव्हतं. त्या लढाईत नऊ हजारांहून अधिक चिनी सैनिक पडले. त्यांचं स्मशान १९४५ मध्ये बांधलं गेलं, ते शहरातच आहे. एका टेकडीच्या उतारावर छोटे छोटे दगड, तुकड्यांप्रमाणे रांगा लावलेले, फक्त नाव आणि हुद्दा. शेजारी युद्धसंग्रहालय आहे, त्याच्या भिंतीवर लाखाहून अधिक नावं.

आपल्या देशाशी जोडणारा धागा असा, की आसामच्या लेडोहून निघालेल्या, त्याच महायुद्धात बांधलेल्या स्टिलवेल रस्त्याचा एक फाटा म्यानमारमधल्या म्यिचिनावरून तेंगचोंगमधूनच गेला. लेडो ते तेंगचोंग सरळ रेषेत चारशे किलोमीटरसुद्धा नाही. त्याच आघाडीसाठी बिहारमधल्या (आता झारखंड) रामगडला चिनी सैनिकांचं प्रशिक्षण झालं. आणि डोक्यावरून विमानं जात होती ती आसामातून कुनमिंगला. तेंगचोंगच्या विमानतळाचं नाव तुओफंग, म्हणजे उंटाचं वशिंड, आहे, तेही 'हंप' म्हणत त्या हवाई मार्गावरूनच.

रानजाई, तुम्ही स्मशानात गेलात की पाण्यातच बसलात?

रानजाई

गेलो. "काही बघायचं नाही" हा नियम तिथे मोडला. सकाळी गेलो, गर्दी नव्हती. एक म्हातारे गृहस्थ एका दगडापाशी सिगारेट पेटवून ठेवत होते, उदबत्तीसारखी उभी. मग पुढच्या दगडापाशी. आम्ही खालूनच परत फिरलो, वर त्यांच्या मागे जाणं बरं वाटेना. संध्याकाळी त्या दिवशी आम्ही टाकी भरली नाही.

जुनी_पानं

समजू शकतो.

तिखटजाळ

चीन आणि मराठी माणूस म्हटल्यावर डॉ. कोटणीस अजून कसे आले नाहीत?

जुनी_पानं

कारण त्यांचा या भागाशी संबंध नाही. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला गेले आणि उत्तर चीनमध्ये काम करता करता ९ डिसेंबर १९४२ ला वारले. त्यांची समाधी शिजियाझुआंगला, इथून देशाच्या दुसऱ्या टोकाला. उगाच जोडू नये.

सिंगापुरी_सावंत

आम्ही गेल्या वर्षी फेब्रुवारीअखेर गेलो होतो, थोडी भर घालतो. आम्ही विमान न घेता कुनमिंगहून वेगवान रेल्वेने बाओशानला गेलो (दाली ते बाओशान हा टप्पा २०२२ मध्ये सुरू झाला) आणि पुढे मोटारीने. त्या रस्त्यावर लोंगजियांगचा झुलता पूल लागतो, २०१६ चा. मधला गाळा ११९६ मीटर आणि नदी जवळपास २८० मीटर खाली. बायकोने डोळे मिटून घेतले आणि मला म्हणाली, तूही मीट. मी गाडी चालवत नव्हतो हे नशीब.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जियेतोउच्या बाजूला मोहरीसारखी पिवळी शेतं फुललेली असतात. तिथे हाताने कागद करण्याची जुनी परंपरा आहे आणि त्याचं एक लहानसं लाकडी संग्रहालय २०१० मध्ये झालं. वास्तुकलेची आवड असेल तर चुकवू नका. नोव्हेंबरअखेर गेलात तर जिआंगदोंग गावात गिंकोची झाडं पिवळी होतात. गर्दी मात्र प्रचंड, आणि गळलेल्या गिंकोच्या फळांचा वास कोणी सांगत नाही.

ज्वालामुखींपैकी तीन दाकोंगशानला एका रेषेत आहेत. पायऱ्या चढून विवराच्या काठावर जाता येतं. आत झाडी वाढली आहे, लाव्हा बघायला जाल तर निराशा.

रानजाई

गिंकोच्या वासाला +१. नवरा आधी माझ्या बुटांकडे बघत होता.

पाऊणवाटी

खरेदी? जेडच्या बांगड्या तिथल्याच ना?

सिंगापुरी_सावंत

दगड म्यानमारच्या काचिनमधला, घडवणं आणि बाजार तेंगचोंगचा, कित्येक पिढ्यांचा धंदा. पारख नसेल तर हौसेपुरतं घ्या. आमच्या ओळखीच्यांनी तिथल्या एका दुकानातून "नैसर्गिक" म्हणून मोठी रक्कम देऊन बांगडी घेतली. घरी आणून तपासली तर आम्ल आणि राळ भरून रंग उठवलेली निघाली. दुकान परत घेईना. प्रमाणपत्राशिवाय महाग काही घेऊ नये आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक तिथेच तपासून घ्यावा.

निम्मी_शिम्मी

आत्तापर्यंत नुसती वाचत होते. रानजाई, हेशुन गावात गेलात का? मी त्याच्याबद्दल कुठेतरी वाचलं होतं, तेव्हापासून डोक्यात आहे.

रानजाई

गेलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. शहराला लागूनच आहे. तिथले पुरुष पिढ्यानपिढ्या ब्रह्मदेशात व्यापाराला जायचे, पैसा घरी यायचा, त्यामुळे गाव छोटं पण घरं मातब्बर. १९२८ चं वाचनालय आहे, तेही बाहेर गेलेल्या गावकऱ्यांच्या पैशातून. पाटी हू शर या प्रसिद्ध विद्वानाच्या हातची. अजून चालू आहे, आत एक आजोबा पेपर वाचत होते.

पण मला धरून ठेवलं ते ओढ्याकाठच्या धुण्याच्या मंडपांनी. ओढ्यावर लाकडी खांब, वर कौलं, खाली पाण्याला समांतर दगडी फरश्या चौकटीसारख्या मांडलेल्या, म्हणजे बाई मध्ये उभी राहून कुठल्याही बाजूला कपडा आपटू शकते. गावात सांगतात की ब्रह्मदेशात गेलेल्या नवऱ्यांनी मागे राहिलेल्या बायकांना उन्हापावसाचा त्रास नको म्हणून हे बांधून घेतले. आमच्यापुढे एक बाई कोबी धूत होती. फरशीची कड मधे झिजून खळगा पडलाय. नवरा म्हणाला, किती प्रेमळ लोक. मी म्हटलं, स्वतः घरी राहिले असते तर? त्यावर आमची ओढ्याकाठी बरीच चर्चा झाली. तो म्हणे पोटापाण्याचा प्रश्न होता. मी म्हणे तो होताच, पण मंडप बांधणाऱ्याचं नाव सांगतात, धुणारीचं नाही.

निम्मी_शिम्मी

कोण जिंकलं?

रानजाई

त्याने संध्याकाळचे कपडे धुतले. तेवढ्यावर मिटवलं.

कुडाळचा_गडी

आमच्या आजीने आयुष्यभर वहाळात उघड्यावर कपडे धुतले. आजोबा गिरणीत, मुंबईला. मंडप बिंडप काही नाही, श्रावणात डोक्यावर इरलं. हे वाचून जरा गप्प बसलो.

गणिती_गोम

काका गप्प बसले, नोंद घ्या.

शाकाहारी_सदाशिव

भारतातून थेट जायचं तर कसं? व्हिसा, विमान, पैसे यांचं सांगा. आणि महिना कुठला?

सिंगापुरी_सावंत

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतोच, उतरल्यावर काढू असं नाही. थेट विमानं पाच वर्षं बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ अखेर कोलकाता–ग्वांगझूने पुन्हा सुरू झाली, मग नोव्हेंबरात दिल्लीहून शांघाय आणि ग्वांगझू. तिथून देशांतर्गत विमानाने कुनमिंग आणि मग तेंगचोंग. एका दमात करू नका, कुनमिंगला रात्र काढा.

पैशांसाठी निघण्याआधी फोनवर अलीपे घेऊन त्याला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. पिठल्याची गाडीसुद्धा चौकोनी कोडवर चालते. गुगल, व्हॉट्सॲप तिथल्या नेटवर चालत नाही, भारतातलं सिम रोमिंगवर ठेवलं तर चालतं.

रानजाई

महिन्याचं मी सांगते. जून ते ऑक्टोबर पाऊस. बंगालच्या उपसागरावरून येणारा मान्सूनच तो, आणि धोधो पडतो. नोव्हेंबर ते मार्च कोरडं, दिवसा स्वच्छ ऊन, रात्री चांगलीच थंडी. गरम पाण्यासाठी हाच काळ. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्ष मात्र टाळा. त्या दिवसांत कुंडात माणसं जास्त आणि पाणी कमी असतं.

एक आणखी. अख्ख्या चीनचं घड्याळ बीजिंगचं आणि हे गाव पार पश्चिमेला. डिसेंबरात सूर्य आठच्या पुढे उगवतो. हॉटेलवाले नाष्टा सातला मांडतात तेव्हा बाहेर काळोख असतो. गजर न लावण्याची आमची अट त्यामुळे सहज पाळली गेली, आठला उठलं तरी पहाटे उठल्याचं पुण्य.

आणि पासपोर्ट कायम जवळ ठेवा. सरहद्दीचा भाग आहे, वाटेत तपासणी होऊ शकते. परदेशी पाहुणे घेतात का हे जागा ठरवण्याआधी फोन करून विचारा. लहान घरगुती हॉटेलांना पोलिसांकडची नोंद जमत नाही आणि मग रात्री दारातून परत फिरायची वेळ येते.

निम्मी_शिम्मी

किती दिवस ठेवावेत? आमचे अहो म्हणतात दोन दिवसांत कंटाळा येईल. त्यांना सगळीकडे "पुढे काय" लागतं.

रानजाई

तुमच्या अहोंना पहिल्या दिवशी कंटाळा येईलच, आमच्याकडेही आला. टाकीत बसून तो ऑफिसच्या गोष्टी सांगत होता. मग ऑफिस संपलं, मग शेअर बाजार संपला. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. त्यानंतर जे सुरू झालं ते ऐकायला मी गेले होते. त्यामुळे दोनवर थांबू नका, चार तरी ठेवा. फक्त दालीही करू, लिजियांगही करू असं त्यांना मधे घुसवू देऊ नका. एकदा ती दोन नावं आली की सुट्टी गेली.

तिखटजाळ

"शेअर बाजार संपला" 😀 आमच्याकडे तो पाण्यातही संपणार नाही.

डॉक्टरीणबाई

दागिन्यांचं कोणी सांगितलं नाही. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते.

रानजाई

अगदी. मंगळसूत्र मी घरीच ठेवलं होतं. रहायला कपडे बदलायच्या खोलीतल्या बाईंनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या हातातली काळवंडलेली चांदीची बांगडी दाखवली आणि मान हलवली. जोडवी काढून दिली. त्यांनी ती कागदात गुंडाळून, वर काहीतरी लिहून कपाटात ठेवली. पैंजण, चांदीची अंगठी, करदोरा, काय असेल ते खोलीवरच काढून ठेवा. काळं झालंच तर गरम पाण्यात खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद घालून बुडवलं की बरंचसं उतरतं.

पाऊणवाटी

करदोरा घालून पाण्यात कोण उतरणार आहे?

कुडाळचा_गडी

मी. उन्हवऱ्याला दर वर्षी उतरतो. आणि तो काळा झालेला आहे, त्याचं कारण आज कळलं. सोडा किती घालायचा?

डॉक्टरीणबाई

पातेलंभर गरम पाण्याला दोन चमचे. करदोरा ॲल्युमिनियमच्या कागदाला टेकलेला हवा. वास येईल, खिडकी उघडा.